तांब्याभर पाण्यात सशाची बाटली

आमच्याकडे कुठलंही धुणं काढायचं म्हटलं की आधी ड्रममध्ये डोकावून बघायची सवय आहे. लातूरचं पाणी मांजरा धरणाचं, पण ते नळाला कधी चौथ्या दिवशी येतं, कधी आठव्या. 2016 च्या एप्रिलात तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून घरातली कुठली बादली कशासाठी, हे ठरून गेलंय. या हिशेबात सशाच्या पिंजऱ्याला टांगलेल्या पाणी प्यायच्या बाटलीचा नंबर अगदी शेवटी लागतो. ‘नळ आला की धुऊ’ म्हणत ती आठवडाभर तशीच टांगलेली राहते, वरून नुसती भरली जाते.

घरात नव्यानं ससा, गिनीपिग किंवा हॅमस्टर आणलेल्यांसाठी हे लिहितेय, म्हणून आधीच सांगून टाकते: अशी बाटली नीट धुवायला एक तांब्या पाणी पुरतं. नळाच्या दिवसाचा आणि बाटलीच्या धुण्याचा काही संबंध ठेवू नका.

भरलेली बाटली, तहानलेला ससा

मला हे सगळं उशिरा कळलं. मे महिना होता, नळ लांबला होता, म्हणून चार-पाच दिवस बोअरचं पाणी बाटलीत भरत होते. सकाळी बघावं तर बाटली काठोकाठ. संध्याकाळीही तेवढीच. आई म्हणाली, “बाटली तर भरलेलीच हाय की गं. त्याला तहानच नसंल.” मलाही पटलं. कोथिंबीर, मेथी खातोय, त्यातून पाणी मिळत असेल, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी लेंड्या बारीक आणि कोरड्या दिसायला लागल्या, सशानं गवत अर्ध्यावर सोडलं. तेव्हा कुठे मी नळीच्या टोकाला बोट लावलं. तिथली स्टीलची बारीक गोळी, म्हणजे छर्रा, हलेना. त्याच्याभोवती क्षारांचं पांढरं कडं बसलं होतं, भांड्याच्या बुडाला बसतं तसं. वाडग्यात पाणी ठेवल्याबरोबर ससा किती तरी वेळ मान वर न काढता पीत राहिला.

तेव्हापासून मी बाटलीची पातळी उलटीकडून वाचते. पाणी कमी झालेलं दिसलं तर बरं, जिथल्या तिथे दिसलं तर आधी छर्रा तपासायचा.

ही बाटली चालते कशी

दोन मिनिटं हे समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. बाटली उलटी टांगलेली असते. खाली स्टीलची नळी, नळीच्या टोकाला एक किंवा दोन छर्रे, सायकलच्या चाकात असतात तसलेच, पण लहान. ससा जिभेनं छर्रा मागे ढकलतो, फटीतून थेंब बाहेर येतो आणि त्याच्या बदल्यात हवेचा बुडबुडा वर जातो. छर्रा परत जागेवर बसला की पाणी थांबतं. बाटलीतलं पाणी छर्रा एकटा अडवत नाही. वरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो आणि बाहेरची हवा पाणी तोलून धरते.

म्हणून बिघाड होण्याच्या जागा तीनच. छर्रा अडकला तर पाणी येत नाही. झाकणाचं रबरी वॉशर झिजलं किंवा वाकडं बसलं, तर हवा आत शिरते आणि गळती लागते. तिसरी जागा म्हणजे नळीचा आतला भाग. तिथे आपली नजर पोचत नाही आणि घाण मात्र तिथेच साठते. गिनीपिग असेल तर हे विशेष. पाणी पिताना तोंडातला घास नळीत परत ढकलायची त्याला खोड असते. गवताचा चोथा नळीत जाऊन फुगतो आणि उन्हाळ्यात एका दिवसात वास मारायला लागतो.

बाटली घेताना

दुकानात जाल तेव्हा रंग आणि कार्टूनची चित्रं बघू नका, तोंड बघा. ब्रश आरामात आत जाईल एवढं रुंद तोंड हवं. नळी स्टीलची हवी. प्लास्टिकची नळी ससा आठवड्यात कुरतडून ठेवतो. झाकण पूर्ण सुटं होणारं, वॉशर काढता येणारं घ्या. मोठ्या सशाला निदान 500 मिलीची बाटली लागते, हॅमस्टरला 80-100 मिलीची पुरते.

आणि एकाच्या जागी दोन घ्या. एक टांगलेली, एक धुऊन वाळत घातलेली. या दुसऱ्या बाटलीइतका उपयोगी खर्च पिंजऱ्याच्या सामानात मी दुसरा केलेला नाही.

काही जण पाण्याच्या विकतच्या बाटलीला नळी बसवून घरीच जुगाड करतात. थोडे दिवस चालतं. पण तिच्या बुडाशी त्रिकोणात 1 हा आकडा दिसेल, म्हणजे ते पेट (PET) जातीचं प्लास्टिक. साधारण 70 अंशांच्या पुढे ते मऊ पडायला लागतं. त्यामुळे उकळतं पाणी ओतून ‘निर्जंतुक’ करायला गेलात तर बाटली आकसते, आटे वाकडे होतात आणि मग ती कायमची गळते. शिवाय ते ओरखडे लवकर धरतं.

टांगायची उंची सशाच्या नाकाच्या बेतानं ठेवा, मान थोडी वर करून पिता यावं अशी. नळीचं टोक अंथरलेल्या गवताला टेकता कामा नये. गवत टेकलं की ते वातीसारखं पाणी ओढत राहतं, सकाळी बाटली रिकामी आणि पिंजरा चिखल.

रोजचं काम

जुनं पाणी तुळशीला किंवा कुंडीला घाला. कालच्या पाण्यावर आजचं ओतणं बंद. अर्धा पेला पाणी घालून बाटली जोरात हलवा, तेही कुंडीत ओता, मग ताजं पाणी भरा. नळीचं टोक स्वच्छ फडक्यानं पुसा. टांगल्यावर बोटानं छर्रा दाबा. बोटाला पाणी लागलं पाहिजे आणि वर बुडबुडा गेलेला दिसला पाहिजे. पाणी लागलं पण बुडबुडा आला नाही, तर थोडा वेळ दाबून धरा. तरी नाही आला, तर नळी अर्धी तुंबलीय असं समजा.

टांगल्याबरोबर दोन-चार थेंब पडतात, ते ठीक आहे. दहा मिनिटांनीही टपटप चालूच असेल तर वॉशर बघा.

पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावून ठेवली तर दुसऱ्या दिवशी किती प्यायलं ते कळतं. सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं, गिनीपिगला किलोमागे 100 मिलीच्या आसपास, हॅमस्टरला 100 ग्रॅम वजनामागे 10 मिलीच्या घरात. पालेभाजी जास्त असेल तर कमी, उन्हाळ्यात जास्त. आकड्यापेक्षा तुमच्या जनावराची रोजची सवय महत्त्वाची. रोज दोनशे मिली पिणारा ससा एकदम पन्नासवर आला, तर काहीतरी बिनसलंय.

एका तांब्यात धुणं

हे दोन दिवसाआड करायचं, एप्रिल-मेमध्ये रोज. एक तांब्या म्हणजे साधारण लिटरभर पाणी घ्या.

आधी सगळं सुटं करा: झाकण, वॉशर, नळी. पेलाभर पाणी बाटलीत घाला, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका. दोन थेंब टाकलेत तर फेस काढायलाच दुसरा तांब्या लागेल. लांब दांड्याच्या ब्रशनं आतून घासा, बुडाचा कोपरा सोडू नका. आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंनी स्वतःभोवती केलेला थर असतो. नुसतं पाणी खळबळून तो निघत नाही, जंतुनाशकही त्याच्या आत नीट शिरत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

ब्रश पोचत नसेल तर मूठभर ज्वारी किंवा कच्चे तांदूळ टाका, तोंड तळहातानं दाबून धरा आणि मिनिटभर हलवा. अरुंद तोंडाच्या बाटल्या आमची आजी अशाच धुवायची. फक्त दाणे मोजल्यासारखे परत काढा. एखादा राहिला तर तो फुगतो, आंबतो. राख, वाळू, तारेची घासणी मात्र नको. प्लास्टिकला ओरखडे पडले की त्या चऱ्यांत थर पुन्हा धरतो, आणि तारेचा तुकडा पोटात गेला तर वेगळंच संकट.

तेच साबणाचं पाणी आता एका वाडग्यात ओता आणि त्यात झाकण, वॉशर, नळी घासा. झाकणाच्या आट्यांमध्ये काळी रेघ दिसेल, ती जुन्या दातब्रशनं काढा. नळीच्या आत जायला औषधाच्या दुकानात मिळणारा, दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश उत्तम. कान साफ करायची कापसाची काडी चालते, पण कापूस आत अडकून राहणार नाही हे बघा.

खळबळणं. इथेच लोक पाणी घालवतात. अर्धा लिटर एकदम ओतून फिरवण्यापेक्षा दीड-दीडशे मिली तीनदा घाला, दरवेळी जोरात हलवा आणि पूर्ण निथळू द्या. तेवढ्याच पाण्यात साबण कितीतरी जास्त निघतो, कारण दरवेळी उरलेल्याचा उरलेला अंशच मागे राहतो. तिसऱ्या खळबळण्याचं पाणी नळी आणि झाकणावरून ओता. शेवटी तांब्यातलं उरलेलं स्वच्छ पाणी नळीतून सोडा. मग सगळं सुटंच, उलटं करून, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. ओली बाटली झाकण लावून ठेवली तर धुतल्याचा उपयोग नाही.

क्षार

मराठवाड्यातलं खरं दुखणं हे. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बाटलीच्या पोटात पांढुरकी झाक येते ती फारशी वाईट नाही. छर्ऱ्याभोवती जे बसतं ते वाईट. तिथला थेंब सारखा वाळतो, दर थेंब वाळताना कणभर चुना मागे ठेवून जातो.

आठवड्यातून एकदा पेलाभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात ‘निंबूफूल’ म्हणून मागा. त्यात नळी छर्ऱ्यासकट अर्धा तास बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे क्षार विरघळतोय. मग छर्रा काडीनं पुढे-मागे हलवून पाणी सोडा, आणि दोनदा खळबळा. पांढरं व्हिनेगर घरात असेल तर तेवढंच पाणी मिसळून तेही चालतं. रात्रभर भिजत मात्र ठेवू नका, वॉशर खराब होतं.

चिंच चालेल का, असं मला हमखास विचारतात, कारण तांब्या-पितळेला आपण तीच लावतो. क्षार काढते ती, पण तिचे धागे नळीत अडकतात. मी एकदा करून बघितलं आणि अर्धी सकाळ टाचणी घेऊन बसले. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढायचा प्रकारही मोबाईलवर फार दिसतो. दोन्ही एकमेकांना मारतात, उरतं ते खारट पाणी. दिसायला छान, बाकी काही नाही.

जंतुनाशक कधी

महिन्यातून एकदा, किंवा जनावर आजारी पडून बरं झालं की. सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती ब्लीच, साधारण चार-पाच टक्क्यांचं, लिटरभर पाण्यात 30 मिली घ्या. आधी साबणानं धुतलेली बाटली आणि सुटे भाग त्यात दहा मिनिटं बुडवा. आधी धुणं महत्त्वाचं, कारण घाण असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि उन्हात वाळवा. या दिवशी एक तांब्या पुरत नाही, खरं सांगते.

ब्लीच आणि निंबूफूल किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत तो माणसालाही भारी पडतो. क्षाराचा दिवस वेगळा, ब्लीचचा वेगळा.

फरशी पुसायचं फिनाइल बाटलीच्या किंवा पाण्याच्या भांड्याच्या जवळही नको. मांजर असेल तर अजिबातच नको, त्या जातीची रसायनं तिच्या यकृताला पेलत नाहीत. ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही यासाठी वापरू नका. तिची ताकद पुडीगणिक बदलते आणि चुना मागे राहतो तो वेगळाच.

कुठलं पाणी

आपण पितो तेच. नळाचं गाळलेलं, जारचं, उकळून गार केलेलं, काहीही. टँकरचं असेल तर उकळून घ्या. बोअरचं खारं पाणी नाइलाजानं दिलं तर क्षाराचं काम आठवड्याऐवजी तीन दिवसांवर आणा. फिल्टरच्या मशीनमधून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं, ते आपण बादलीत साठवतो, आणि साठवावंच. पण ते फरशीला. मशीननं काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात, त्यानं बाटली खळबळायचीही नाही.

औषध, गूळ, ओआरएस, जीवनसत्त्वाचे थेंब बाटलीत घालू नका. गोड पाण्यात जंतू झपाट्यानं वाढतात आणि चव बदलली की प्राणी पाणीच सोडतो. गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, म्हणून दुकानदार थेंबांची बाटली पुढे करतात. पण ते पाण्यात आणि उजेडात लवकर नासतं. त्यापेक्षा ढोबळी मिरचीची फोड आणि कोथिंबीर द्या.

उन्हाळा

परभणी-नांदेडकडे मेमध्ये पारा 42-44 ला जातो, आमच्याकडेही फार मागे नसतो. दुपारी बाटली आपोआप गळायला लागते आणि नवीन माणूस वॉशर बदलत बसतो. दोष वॉशरचा नसतो. बाटलीतली हवा तापून फुगते आणि पाण्याला खाली ढकलते. 500 मिलीच्या अर्ध्या रिकाम्या बाटलीत सकाळच्या 28 अंशांपासून दुपारच्या 42 पर्यंत दहा-बारा मिली पाणी तरी असंच बाहेर पडतं. उपाय सोपा: दुपारी बाटली पुन्हा काठापर्यंत भरा. आत हवा कमी, गळती कमी. भरताना माठातलं पाणी घाला, कारण कोमट झालेलं पाणी ससे टाळतात. बर्फाचं नको, काचेची बाटली असेल तर ती तडकते.

पारदर्शक बाटलीवर ऊन आलं की हिरवं शेवाळ धरतं. जुना सुती पायमोजा बाटलीवर चढवा, तो ओला केला तर पाणीही गार राहतं.

आणि या दिवसांत बाटलीच्या जोडीला मातीचं जड वाडगं ठेवा. वाकून पिणं सशाला सोयीचं असतं, वाडग्यातून तो जास्त पितो. त्यात गवत, लेंड्या पडतात, म्हणून दिवसातून दोनदा बदलावं लागतं. पावसाळ्यात अंगणातलं कुत्र्या-चिमण्यांचं भांडं आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडं करा. डेंग्यूचा डास कडेला अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच चिकटून राहतात.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक बजरीगार असतात. त्यांच्या पाण्याच्या नळकांड्यात विष्ठा पडते, म्हणून ते दांडीच्या खाली कधीच लावू नये, आणि दिवसातून दोनदा बदलावं. जस्ताचा मुलामा असलेल्या तारेनं बांधू नका, पक्षी ती चावतात आणि जस्त त्यांना विषारी आहे. राहिला राघू. देशी पोपट आणि रानससा पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यांची बाटली धुवायची वेळच येऊ देऊ नका.

बदलायची वेळ आणि डॉक्टर

वॉशर कडक झालं, बाटली घासूनही धुरकट राहिली, नळीला गंज दिसला, छर्ऱ्याला खड्डे पडले, की टाकून द्या. माझी बाटली साधारण वर्षभर टिकते.

सशानं 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर छर्रा सोडवून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची सवय जास्त असते, म्हणून सशाचं बघणारे डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवा. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नेताना बाटली सोबत न्या आणि किती पाणी कमी झालं ते सांगा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

गावाला जाताना मी दोन्ही बाटल्या टांगते, एक तुंबली तरी दुसरी असते. किल्ली शेजारच्या काकूंकडे. पहिल्या वेळी त्यांना म्हटलं होतं, “काकू, बाटलीत पाणी आहे का तेवढं बघा.” आता म्हणते, “काकू, बोट लावून बघा.” संध्याकाळी त्यांचा फोन येतो: “लावलं बाई बोट. एकातून बुडबुडा आला, दुसरीतून न्हाई आला. निंबूफूल कुठं ठेवलंस?”